मग मला चक्कर का येत नाही?

८ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

दादा,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. इथल्या कॉम्प्युटरवर चुकलं की शब्दाखाली लाल रेघ येते. मग मी तो शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघते, रेघ गेली की पुढे जाते. त्यात मी एका बोटाने टाइप करते. त्यामुळे हे पत्र आज सुरू केलंय, संपेल कधी माहीत नाही.

दोन वर्षं झाली तुझा फोन नाही. त्याबद्दल मी काही विचारत नाहीये. मला फिजिक्समधलं विचारायचंय, आणि फिजिक्स शिकलेलं माझ्या ओळखीचं माणूस तू एकटाच.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये कामाला लागलेय. आई ज्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे त्याच्याच तळघरात. तिनेच सांगून लावलं. इथे एमआरआय करतात. ते मशीन म्हणजे एक अवाढव्य चुंबक असतं आणि ते कधीच बंद नसतं, रात्री कुलूप लावून गेलो तरी चालूच. म्हणून माझं काम हे की पेशंटच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून घ्यायचं. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, केसातल्या पिना. मी नुसता ट्रे पुढे करते. लोकांना कळतं. दिवसभरात मला चार शब्दही बोलावे लागत नाहीत. माझ्यासाठीच काढलेली नोकरी असं आई म्हणते.

मशीन चालवतात त्या काकू. त्यांच्या चष्म्याला दोरी आहे आणि जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. परत सांगितलं. परत नाही. तर म्हणाल्या, "जाऊ दे, घरी काय म्हणतात?" मी म्हटलं, मिठू. नेमकं हे ऐकू गेलं त्यांना. इतक्या हसल्या की चष्मा दोरीवर लोंबायला लागला.

आता मुद्दा. इथे एक आठ वर्षांची मुलगी येते. तिच्या मानेत मणक्याजवळ गाठ आहे. डाव्या हाताला मुंग्या येतात, पेन्सिल गळून पडते. सर्जनना ऑपरेशनच्या आधी स्वच्छ फोटो हवाय, गाठ कुठे संपते आणि नस कुठे सुरू होते ते दिसेल असा. त्यासाठी बोगद्यात पाऊण तास न हलता पडून राहायचं. लहान मुलांना यासाठी भूल देतात, पण तिची छाती नाजूक आहे. भूल एकदाच द्यायची, ती ऑपरेशनला, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे जागेपणी झोपायला हवी. आणि ती झोपत नाही.

घाबरट नाहीये ती. तिला उत्तर हवंय. आमच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. माणसाचं चित्र, पोटात छोटे छोटे भोवरे, आणि खाली लिहिलंय की तुमच्या शरीरातल्या पाण्यातले अणू भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरतात, याला स्पिन म्हणतात, आणि मशीन ते टिपतं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि काकूंना विचारलं, "माझ्या आत एवढे भोवरे फिरतायत, मग मला चक्कर का येत नाही?"

काकू म्हणाल्या, "फार बारीक असतात म्हणून."

"पण खूप आहेत ना?"

"हो, खूप आहेत."

"मग?"

"मग झोप आता."

ती उठून बसली. "तुम्हाला माहीत नाहीये. मला खोटं सांगणाऱ्यांच्या मशीनमध्ये मी नाही जाणार." तिचे वडील टेलर आहेत. त्यांनी हात जोडले, रागावले, कुल्फी कबूल केली. काही नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हाही तेच. काकूंनी तिचं नाव वकीलबाई ठेवलंय.

दुसऱ्यांदा मी तिच्या गाऊनची नाडी सोडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी विचारून सांगते." एवढंच. तिने माझ्याकडे असं बघितलं की आता सुटका नाही. पुढची तारीख तीन मार्च आहे. गाठ वाढतेय, त्यानंतर थांबता येणार नाही म्हणतात.

तर दादा, का येत नाही चक्कर?

मिठू

१५ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळींचं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग. प्रत्यक्षात काही फिरत नसतं. हे नीट कळायला आधी शाळा पूर्ण करावी लागते."

तिसरी ओळ मी वाचली नाही असं समज.

पण दुसरी! काही फिरत नसतं! म्हणजे वकीलबाईचं बरोबर होतं आणि पोस्टर खोटं. मला इतका आनंद झाला की एका आजोबांची कवळी ट्रेमध्ये ठेवायच्या ऐवजी मी स्वतःच्या खिशात टाकली. ते तोंडावर हात धरून मला शोधत फिरत होते.

पहिली ओळ कळली नाही. कोनीय संवेग. घरी बाबांना विचारलं. तू म्हणशील लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला काय विचारतेस, पण त्यांना माहीत होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. म्हणाले, लिफ्टचं वरचं मोठं चाक असतं ना, वीज घालवली तरी ते लगेच थांबत नाही. फिरणं त्याच्यात भरलेलं असतं. ते भरलेलं जे असतं, त्यालाच तसलं काहीतरी म्हणत असतील.

मग म्हणाले, "हे तुला कुठून सुचलं?"

मी म्हटलं, काकू बोलत होत्या.

ते पेपरची घडी घालायला लागले. मग उगाच म्हणाले, "त्याला आवडायचं हे सगळं." कोणाला ते नाही म्हणाले.

तर आता माझा प्रश्न असा. चाक फिरत नाहीये. कधी फिरलंच नव्हतं. तरी त्याच्यात फिरणं भरलेलं आहे. हे कसं? आणि काही फिरत नाही हे तुम्हा लोकांना कळलं कसं? वकीलबाई हे विचारणारच. ती तीन ओळींवर समाधान मानणारी नाही. मी पण नाही.

मिठू

२१ फेब्रुवारी, सकाळ, अजून कोणी आलं नाही

दादा,

अबब. एवढं मोठं पत्र. प्रिंटरचा कागद संपला. काकूंनी विचारलं, "कोणाचं गं?" मी म्हटलं, भावाचं. "प्रेमपत्र नाही ना?" म्हटलं, चांदीबद्दल आहे. त्या म्हणाल्या, मग प्रेमपत्रापेक्षा बरं.

मला काय कळलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग.

आधी, फिरत नाही हे कसं कळलं. लोकांना पहिल्यांदा वाटलं इलेक्ट्रॉन हा चिमुकला गोळा आहे आणि गरगर फिरतोय. मग हिशोब केला, तर त्याची बाहेरची कड प्रकाशापेक्षा जोरात पळायला हवी. ते तर होऊच शकत नाही. म्हणून गोळा फिरतोय हे सोडून द्यावं लागलं. पण तोवर नाव पडून गेलं होतं, ते राहिलं.

आता चांदी. शंभर वर्षांपूर्वी दोघांनी भट्टीत चांदी तापवून तिची वाफ केली आणि अणूंची एक बारीक धार मुद्दाम वेडंवाकडं बनवलेल्या चुंबकातून सोडली. पुढे काच. प्रत्येक अणू हे छोटंसं चुंबक. कुठलं सरळ उभं असणार, कुठलं तिरकं, कुठलं आडवं. जेवढं तिरकं तेवढा कमी धक्का. म्हणजे काचेवर वरपासून खालपर्यंत पसरट डाग पडायला हवा. आणि पडले दोनच डाग. एक वर, एक खाली. मध्ये काहीच नाही.

हे वाचून मी खुर्चीवर मागे टेकले. दादा, मध्ये काहीच नाही! तिरकं कोणी नाहीच! मला वाटलं, असेल, शाळेत कशा मुलांची रांग आणि मुलींची रांग, तसे आधीपासून दोन प्रकारचे अणू असतील, चुंबकाने फक्त वेगळे केले.

तर पुढच्या पानावर तू तेही खोडून काढलंस. वरचे तेवढे घ्यायचे. त्यांना आडवा प्रश्न विचारायचा, डावीकडे की उजवीकडे? त्यालाही दोनच उत्तरं, निम्मे डावे, निम्मे उजवे. मग डावे तेवढे घेऊन परत पहिला प्रश्न विचारायचा, वर की खाली? ते सगळे वरचेच होते ना. तर निम्मे म्हणतात खाली! आडवा प्रश्न विचारल्यावर पहिलं उत्तर पुसलंच गेलं.

हे मला दोन दिवस पचलं नाही. कपडे वाळत घालताना तेच, जेवताना तेच. आणि काल संध्याकाळी कळलं. आईमुळे कळलं.

आई लाँड्रीतून आली की उभ्या उभ्या पोळ्या करायला लागते. मी विचारलं, "दमलीस का गं?" ती लगेच खाली बसली. म्हणाली, "विचारलंस आणि दमले बघ." मग मी विचारलं, "बाबांवर चिडलीयेस का?" तर उठून उभी राहिली, सगळा थकवा गेला, अर्धा तास बाबांबद्दल बोलत होती.

दादा, मी विचारायच्या आधी ती दमलेली होती का? दमलेली पण नव्हती आणि न दमलेली पण नव्हती. ती पोळ्या करत होती. उत्तर विचारल्यावर तयार झालं. आणि दुसरं विचारलं तेव्हा पहिलं गेलं. असंच ना? उत्तर कणाच्या खिशात लपवून ठेवलेलं नसतं. असंच ना?

मला माहितीये आई म्हणजे चांदीचा अणू नाही. पण मला प्रथमच वाटलं की मी हे धरलंय, हातात.

तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की शाळा का सोडलीस, बाबांनी तुला का सोडू दिली. त्या दिवशी तू बाबांना म्हणालास, "तुम्ही तिला घरी बसवून वाया घालवताय," आणि बॅग उचललीस. मी दाराच्या मागे होते. बाबांनी तुला का ते सांगितलं नाही, कारण मी सांगू नका म्हटलं होतं. आमच्या विज्ञानाच्या सरांचा नियम होता की उत्तर मोठ्याने दिल्याशिवाय बसायचं नाही. मला उत्तर येत असायचं. आवाज यायचा नाही. मी अख्खा तास उभी राहायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मुलं पैजा लावायला लागली, आज बसते की नाही. बाबा एकदा शाळेची लिफ्ट बघायला आले होते. त्यांनी खिडकीतून बघितलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "नको जाऊस उद्यापासून."

झालं. आता हा विषय बंद. मला सांग, एक प्रोटॉन, म्हणजे पाण्यातला तो मशीन टिपतं तो कण, एकदा पूर्ण फिरवला तर तो मूळ जागी येत नाही हे काय लिहिलंयस? पूर्ण फिरवलं की मूळ जागी येणारच ना? आणि तूच म्हणालास ना तो फिरत नाही?

मिठू

२६ फेब्रुवारी

दादा,

तुझ्यामुळे आज माझी नोकरी जात होती.

पहिल्यांदा तू समजावलंस ते कळलं. कण स्वतः फिरत नसतो, पण आपण त्याला बाहेरून फिरवू शकतो, चुंबकाने. आणि असा एक पूर्ण फेरा दिला तर तो आतून उलटा झालेला असतो. आणखी एक फेरा दिला की मग पहिल्यासारखा. दोन फेऱ्यांनी एक. तू लिहिलंस, पट्टा घे आणि करून बघ. आता पट्टे म्हणजे माझ्याकडे काय कमी? लॉकरमध्ये रोज डझनभर असतात.

एक जाडजूड साहेब आत बोगद्यात होते. त्यांचा पट्टा घेतला. एक टोक खुर्चीच्या हाताला बांधलं, बकलाचं टोक हातात. एक पूर्ण पीळ दिला. मग तू म्हणालास तसं, बकल न फिरवता, तसंच सरळ ठेवून, पट्ट्याच्या खालून आणि पलीकडून वळसा घालून आणलं. पीळ गेला नाही. नुसता उलट्या बाजूचा झाला. परत केलं. परत उलटा. काही केल्या सुटेना.

मग दोन पीळ दिले. जास्त गुंतलं. म्हटलं याचं तर काही खरं नाही. बकल सरळ धरून एक वळसा घातला आणि पट्टा सरळ! सपाट! जसा काही कोणी पिळलाच नव्हता! मी ओरडले. मी, दादा. मोठ्याने. "सुटला!"

मागे ते साहेब उभे. गाऊनमध्ये.

"काय सुटलं? आणि माझा पट्टा का पिळतेयस?"

काकू आतून धावत आल्या. साहेब तक्रार करतो म्हणाले. माझ्या घशातून काही येईना, तर मी त्यांच्यासमोर नुसतं करून दाखवलं. एक पीळ, वळसा, सुटत नाही. दोन पीळ, वळसा, सुटतो. ते बघत राहिले. म्हणाले, "परत कर." मग म्हणाले, "इकडे आण." पुढचा पेशंट येऊन थांबला तरी साहेब गाऊनमध्ये खुर्चीसमोर उकिडवे बसून पट्टा पिळतायत. जाताना तक्रार विसरले, पट्टा पण विसरले. पॅन्ट धरून परत आले.

काकू म्हणाल्या, "हे काय होतं गं?" मी म्हटलं, स्पिन. त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मशीन चालवतेय. रोज ते पोस्टर बघतेय. मला कोणी सांगितलं नाही." मग खुर्ची ओढून बसल्या. "सांग."

मला सांगता आलं नाही, दादा. दोन वाक्यं झाली आणि अडकलं. त्या थांबल्या होत्या, रागावल्या नाहीत, तरी अडकलं. तीन तारखेला तिथे टेलर असतील, डॉक्टर असतील, ती असेल. मला कळलंय सगळं. पण मला कळून उपयोग काय? तिला कळलं पाहिजे.

एकच राहिलंय. मशीन नक्की काय ऐकतं? ते लवकर लिही. आणि खोटं नको, सोपं केलेलं चालेल.

मिठू

३ मार्च, संध्याकाळ

दादा! झोपली! पाऊण तास! बोटसुद्धा हललं नाही!

थांब, ओळीने सांगते. लाल रेघा येऊ देत आज.

ती आली ती दारातूनच, "ती कुठेय? विचारून सांगणारी?" काकू म्हणाल्या, "काय वकीलबाई, आज निकाल लागणार की पुन्हा तारीख?" ती म्हणाली, "ते हिच्यावर आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर दारात, घड्याळ बघत. माझा घसा बंद. तोच, शाळेतला.

टेलरकाकांच्या गळ्यात मापाची टेप होती, घाईत तशीच राहिलेली. मी ट्रे पुढे केला, त्यांनी टेप काढून ठेवली. ट्रेमधली ती टेप बघितली आणि उचलली. एक टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरं तिच्या हातात. खुणेने सांगितलं, फिरव. तिने एक पीळ दिला. मी तिचा हात धरून वळसा घातला. नाही सुटला. दोन दिले. वळसा. सुटला.

"परत!" ती म्हणाली. परत केलं. उजव्या हाताने करत होती, डावा मांडीवर ठेवून.

"हे माझ्या आत आहे?"

आणि आवाज आला. कुठून आला माहीत नाही. म्हटलं, "हो. आणि एक सांगते, पोस्टर खोटं आहे. आत काहीच फिरत नाही. म्हणून तुला चक्कर येत नाही."

डॉक्टरांनी घड्याळावरून मान वर केली. काकू त्यांना म्हणाल्या, "बोलू द्या तिला."

वकीलबाई: "मग त्याला स्पिन का म्हणतात? बाबा म्हणाले स्पिन म्हणजे फिरणं."

"चुकून नाव पडलं. मला घरी मिठू म्हणतात. मी पोपटासारखी बोलते का?"

तिने विचार केला. "आत्ता तर बोलतेयस."

टेलरकाका हसले. मी पण. आणि मग दादा, सरळ बोलतच गेले. म्हटलं, तुला वजन आहे ना? तू वजन 'करत' नाहीस, ते असतं. तसं तुझ्यातल्या पाण्याच्या प्रत्येक कणात स्पिन असतं. भोवऱ्यात जे भरलेलं असतं ते यांच्यात न फिरताच भरलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक कण एक छोटंसं चुंबक. आपण मोठं चुंबक जवळ नेलं की काही वरच्या बाजूचे, काही खालच्या.

"निम्मे निम्मे?"

"जवळजवळ. ते एकमेकांना खोडून टाकतात. पण दहा लाखांमागे पाच वरचे जास्त निघतात."

"पाच?"

"पाचच. मशीन रेडिओने त्यांना हलकासा धक्का देतं. ते परत जाग्यावर येताना बारीक, अगदी बारीक हाक देतात. रेडिओवरची हाक, कानाला ऐकू येत नाही. मशीन ती ऐकतं आणि कुठून आली त्यावरून चित्र काढतं. तू हललीस की हाक कुठून आली तेच कळत नाही."

"मग तो ढमढम आवाज कसला?"

"तो मशीनचाच. त्याला वाजल्याशिवाय काम करता येत नाही."

"काकूंसारखं."

काकू म्हणाल्या, "चल, झोप आता."

ती टेबलावर चढली. स्वतःहून. डोकं ठेवलं आणि मला म्हणाली, "पाच जणांचं ऐकायचं म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायला पाहिजे." डोळे मिटले.

काकूंनी मला तिच्या पायाशी बसू दिलं. कानात बोळे घालून मी तिचा अंगठा धरून बसले. ढमढम सुरू झालं, खुर्चीतून अंगात शिरत होतं. मला सारखं वाटे, आता उठेल, आता उठेल. नाही उठली. मी विचार करत होते, या अंगठ्यातही आहेत, माझ्या हातातही आहेत, दहा लाखांत पाच, आणि आत्ता या क्षणी कोणीतरी त्यांचं ऐकतंय. दादा, खरं सांगू, एवढं भारी मला आयुष्यात कधी वाटलं नाही. चार वर्षं मागून मिळालेल्या सायकलच्या वेळीसुद्धा नाही.

बाहेर आलो तर पडद्यावर मान. एकेक मणका कोरून काढल्यासारखा. गाठ गोल, आणि तिच्या कडेने नस, दोऱ्यासारखी, चिकटलेली नाही, नुसती टेकलेली. डॉक्टरांनी बोट ठेवलं, "इथून वेगळी होते. दिसतंय." टेलरकाकांना काही कळलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा कळला. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वकीलबाई मात्र पडद्याजवळ गेली. "हे त्या पाचांनी काढलं?" काकू म्हणाल्या, "हो गं बाई, त्या पाचांनीच." मग स्टूल ओढून वर चढल्या आणि पोस्टर टराटरा फाडून खाली काढलं.

तुझी सोपी केलेली वाक्यं जशीच्या तशी वापरली. तू लिहिलं होतंस की हे शंभर टक्के असं नाही, पण आठ वर्षांच्या मुलीला फसवल्यासारखंही नाही. शंभर टक्के कसं आहे ते मला नंतर सांग. मला वेळ आहे.

मिठू

१९ मार्च

दादा,

आधी मोठी बातमी. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, साधी होती, नसेला धक्का नाही. काल आई लाँड्रीतून वर वॉर्डात चादरी द्यायला गेली तेव्हा बघून आली. वकीलबाई डाव्या हाताने नर्सची नाडी बघत होती. मुंग्या गेल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणे तिने विचारलं, भूल दिली की माझे कण पण झोपतात का? त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी तळघरात फोन केला. काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

मी बोलले, दादा. फोनवर, अनोळखी माणसाशी. म्हटलं, नाही झोपत, ते जागेच असतात.

मुलांना तयार करायचं काम आता माझ्याकडे आलंय. आठवड्यातून दोन दिवस. काल जुळे भाऊ आले, एक विचारतोय आणि दुसरा रडतोय. दोघे झोपले. टेलरकाकांनी मला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रंगाची कापडी पट्टी शिवून दिलीय, पीळ नीट दिसावा म्हणून.

तू लिहिलंस की आईचं 'विचारलंस आणि दमले' तू तुमच्या फिजिक्सच्या सरांना सांगितलंस आणि ते पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघत बसले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाहेर बघत बसले म्हणजे दमले असतील, चहा द्यायचा होतास." आणि मग ओट्याकडे तोंड करून, "तो जेवतो का रे वेळेवर, विचार त्याला." मला 'रे' म्हणाली. तुझ्याशीच बोलत होती.

परीक्षेला मी बाहेरून बसणार आहे. विज्ञानाची तोंडी असते म्हणतात. असू दे. मला त्यांनाच काही विचारायचंय.

बाबांना सगळं सांगितलं, पत्रांसकट. मला वाटलं चिडतील. त्यांनी सगळं ऐकलं. मग उठले, स्वतःचा पट्टा काढला, दाराच्या कडीला बांधला. एका हाताने पॅन्ट धरलेली. एक पीळ, नाही. दोन, सुटला. तीन दिले. खूप वेळ वळसे घालत बसले. घामाघूम. शेवटी म्हणाले, "विचार त्याला, तिसऱ्याला एक शिल्लक का राहतो."

मला माहितीये का राहतो. मी मुद्दाम नाही सांगितलं.

तू पण मला लिहून पाठवू नकोस. फोन कर. रविवारी सकाळी ते घरीच असतात, फोनच्या बाजूलाच बसतात हल्ली, पेपर उलटा धरून. त्यांनाच सांग.

अरे हो, आत्ताच वर रस्त्यावरून आरडाओरडा आला म्हणून जाऊन बघितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने घोडा विकत घेतलाय! खरा, पांढरा! कशाला, ते त्यालाही सांगता येत नाहीये. दुकानासमोर बांधलाय, घोड्याने आरशात बघून शिंकायला सुरुवात केलीय, सगळी गल्ली जमलीय. मी चालले.

मिठू